आधी छरा, मग बंदूक

अमेरिकेत वसंतात जंगली टर्कीची शिकार होते ती पाठलाग करून नव्हे, बसून. शिकारी उजाडण्यापूर्वी एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकतो, मादीच्या आवाजाची नक्कल करतो आणि नर जवळ येण्याची वाट पाहतो. आठ-दहा किलोंचा हा पक्षी समोर आला, तरी नेम धरायचा तो फक्त डोक्यावर आणि मानेवर. छातीवर पिसांचे आणि स्नायूंचे जाड कवच असते. तिथे छरे लागलेला पक्षी पळून झाडीत शिरतो आणि कुठेतरी तडफडून मरतो. हे टाळायचे असेल, तर मुठीएवढ्या लक्ष्यात एकाच क्षणी पुरेसे छरे शिरले पाहिजेत आणि प्रत्येक छऱ्यात हाड भेदण्याचा जोर हवा. बंदूक आणि काडतूस निवडण्याचा सारा प्रश्न एवढाच आहे. तरीही त्याचे उत्तर बंदुकीच्या आकारात शोधायची सवय फार जुनी आहे. १९८८ मध्ये बारा बोअरसाठी साडेतीन इंची, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर लांबीचे काडतूस बाजारात आले, तेही ‘जास्त दारू, जास्त छरे, जास्त खात्री’ याच समजुतीवर. माझ्या मते ही निवड उलट्या टोकापासून होते. आधी छरा ठरवावा, तोही त्याच्या धातूवरून; बंदूक त्यामागून आपोआप ठरते.

‘बारा बोअर’ हा शब्द आपल्याकडेही खेडोपाडी ठाऊक आहे, पण त्यातला बारा कुठून आला हे क्वचितच सांगितले जाते. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बारा बोअर. वीस बोअरमध्ये अशा वीस गोळ्या लागतात, म्हणजे नळी अरुंद. बाराचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, विसाचा १५.६. ‘चारशे दहा’ मात्र या हिशेबात बसत नाही. तो आकडा थेट इंचातल्या व्यासाचा, ०.४१० इंच म्हणजे १०.४ मिलिमीटर. या आकड्यांवरून नळीत किती माल मावतो ते कळते. तो माल चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरांवर, काय करील हे त्यावरून कळत नाही.

ते कळते छऱ्याच्या घनतेवरून. हवेचा असो वा हाडाचा, छऱ्याला होणारा अडथळा त्याच्या समोरच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. छऱ्याचे वजन मात्र व्यासाच्या घनाप्रमाणे आणि धातूच्या घनतेप्रमाणे वाढते. भागाकार केला की हाती उरतो घनता आणि व्यास यांचा गुणाकार, आणि छरा किती खोल जाईल हे वेग सारखा असताना मुख्यतः तोच ठरवतो. शिशाच्या पाच नंबरी छऱ्याचा व्यास ३.०५ मिलिमीटर आणि छऱ्यांच्या शिशाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ११ ग्रॅम, म्हणून गुणाकार ३४ च्या आसपास. टंगस्टनच्या मिश्रधातूची घनता सुमारे १८. त्याच्या नऊ नंबरी छऱ्याचा व्यास अवघा दोन मिलिमीटर, तरी गुणाकार ३६ भरतो. म्हणजे मोहरीएवढा टंगस्टनचा दाणा शिशाच्या कितीतरी मोठ्या छऱ्याइतका, किंबहुना किंचित जास्तच, आत शिरतो. आणि त्याचे वजन मात्र निम्म्याहून कमी असते. पन्नास ग्रॅम शिशात पाच नंबरचे सुमारे तीनशे छरे बसतात. टंगस्टनचे नऊ नंबरी तीनशे छरे साडेतेवीस ग्रॅमच भरतात, आणि एवढा माल चारशे दहाच्या चिमुकल्या काडतुसात मावतो. एके काळी पोरांची बंदूक म्हणून बाजूला ठेवलेली चारशे दहा आज टर्कीच्या शिकारीत मानाने वापरली जाते, त्यामागे एवढेच गणित आहे. मालाचे वजन निम्म्याखाली आले की खांद्याला बसणारा धक्काही त्याच बेताने उतरतो. ही नुसती सोय नव्हे, कारण धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याचा नेम मानेवर राहत नाही.

वेग वाढवून हेच साधता येईल, असे पुष्कळांना वाटते. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी दारू वाढवून कमावलेल्या जादा वेगाचा मोठा हिस्सा वाटेतच संपतो. धक्का मात्र पुरता खांद्याला बसतो.

या मतावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खोटा नाही. टंगस्टनचे काडतूस शिशाच्या कित्येक पट महाग पडते. जगातल्या टंगस्टनचा बहुतांश पुरवठा एकट्या चीनमधून होतो. पण ही बदकांची शिकार नव्हे. हंगामात मोजकेच नर मारायची परवानगी असते आणि काडतुसेही मोजकीच खर्चतात. दुसरा आक्षेप असा, की हा धातू नळीच्या पोलादाहून कठीण आहे. हेही खरे, म्हणून छऱ्यांभोवती प्लास्टिकची जाड वाटी असते आणि म्हणूनच आजोबांच्या जुन्या बंदुकीत ही काडतुसे घालू नयेत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: चाळीस यार्डांवर शिसे आजवर काम करत आले आहे, मग ते बदलायचे कशाला? शिशाने टर्की मरते, यात वाद नाही. पण शिसे तिथेच थांबत नाही. तळ्यांच्या तळाशी पडलेले छरे खडे समजून गिळणारी बदके विषबाधेने मरू लागली, म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे देशभर बंद केले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीत शिसे बंद आहे, आणि त्यामागे कॉन्डॉर हे भलेमोठे गिधाड आहे. १९८२ मध्ये त्यांची संख्या २२ वर आली होती. त्यांना मारणारे शिसे मुख्यतः हरणांच्या शिकारीत रायफलच्या गोळीचे तुकडे होऊन मढ्यात उरते, टर्कीच्या छऱ्यांचे नव्हे. हा फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. तरी धडा तोच. आपली गिधाडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गेली. विष वेगळे होते, वाट मढ्याचीच होती. पोलाद हा स्वस्त पर्याय, पण त्याची घनता आठच्याही खाली. पाच नंबरी शिशाइतके भेदन हवे, तर पोलादी छरा ४.३ मिलिमीटरचा घ्यावा लागतो आणि पन्नास ग्रॅममध्ये असे जेमतेम दीडशे बसतात. मुठीएवढ्या लक्ष्यासाठी ही संख्या अपुरी पडते.

अर्थात गणित झाले म्हणजे काम झाले असे नाही. नळीच्या तोंडाशी बसवायचा चोक छऱ्यांचा पसारा आवळतो, पण तो किती आवळावा हे प्रत्येक बंदूक आणि प्रत्येक काडतूस आपापले ठरवते. फार आवळला तर पसारा उलट फाटतो. चाळीस यार्डांवर कागद लावून पंचवीस सेंटिमीटरच्या वर्तुळात शंभर छरे पडतात का, हे मोजणे ही तिथल्या शिकाऱ्यांची जुनी कसोटी आहे आणि ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

मला खरी चिंता वाटते ती टंगस्टनच्या यशाची. साठ-सत्तर यार्डांवरही भेदन उरते हे कळल्यावर तेवढ्या लांबून चाप ओढण्याचा मोह होतो. छऱ्याचा जोर टिकला, तरी पसारा अंतराबरोबर फुटतच जातो आणि सतत हलणारी मान त्या विरळ जागेत सुटते. जखमी पक्षी टाळण्यासाठी केलेली निवड मग जखमी पक्षीच वाढवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आलेली ही जात आज साठ लाखांच्या घरात आहे. ती पुन्हा वाढवण्याच्या कामाला मोठा आधार मिळाला तो १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवल्यामुळे. त्या पक्ष्यासाठी एवढा संयम पाळायलाच हवा. लांबच्या अंतराचा दुसरा धोका माणसांना आहे. हिरव्या-करड्या कपड्यांत झाडीत लपलेला, मादीचा आवाज काढणारा दुसरा शिकारी तेवढ्या लांबून ओळखू येत नाही. नर टर्कीचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते; म्हणून त्या जंगलात जाणाऱ्याने या तीन रंगांचा रुमालसुद्धा अंगावर ठेवू नये.