एंजिनाचा चुकलेला ठोका

मोटार घाट चढत असावी, चालकाने ॲक्सिलरेटर दाबावा, आणि नेमक्या त्याच क्षणी एंजिनाने आचके देण्यास सुरुवात करावी, हा अनुभव आपल्या वाचकांपैकी अनेकांस आला असेल. गाडी थरथरते, वेग घेत नाही, मागील नळीतून मधूनच फटफट असा आवाज येतो. गॅरेजातील मिस्त्री यास ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. पावसाळ्यात गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावाकडे येताना असे घडले, तर पुढची मालमोटार ओलांडणेही जिवावरचे होऊन बसते. भाड्याच्या गाडीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या घरी तर या दोषाने काळजीच शिरते. आज प्लग बदलला, उद्या कॉइल बदलली, परवा पेट्रोलचा पंप बदलला. पैसा गेला, परंतु दोष जेथल्या तेथेच राहिला, असे पुष्कळदा घडते. वस्तुतः हा दोष शोधून काढण्याची एक सरळ आणि क्रमबद्ध रीत आहे. ती समजावून सांगण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे.

प्रथम एंजिनाचे कार्य पाहू. जर्मनीतील निकोलाउस ओटो याने १८७६ साली जे चार टप्प्यांचे एंजिन सिद्ध केले, त्याच तत्त्वावर आजचीही पेट्रोलची मोटार चालते. सिलिंडरात दट्ट्या खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या वर जाताना ते दाबले जाते. ठिणगी पडताच ते पेटून दट्ट्यास जोराने खाली ढकलते. आणि शेवटच्या टप्प्यात जळालेला वायू बाहेर टाकला जातो. या चार टप्प्यांत भुजादंडाचे, म्हणजे मिस्त्रींच्या क्रँकचे, दोन फेरे होतात. एंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटास १५००, म्हणजे सेकंदास २५ वेळा ज्वलन होते. चार सिलिंडर मिळून सेकंदास १०० ठोके झाले! बहुतेक चार सिलिंडरांच्या एंजिनांत हे ठोके १-३-४-२ या क्रमाने पडतात. त्यांतील एक सिलिंडर गप्प बसला की शक्तीचा चौथा हिस्सा तर गेलाच, शिवाय ठेका बिघडल्यामुळे सारे एंजिन हादरू लागते.

सिलिंडरात ज्वलन होण्यास तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणातील मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी. या तिहींपैकी एकही उणी पडली तरी ठोका चुकतो. म्हणून दोषही या तीन घरांतच शोधावयाचा.

मिश्रणाविषयी पाहता, वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवेची एखादी रबरी नळी चिरली तर मोजमापाबाहेरची हवा आत शिरते व मिश्रण पातळ होते. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरात कचरा अडकला तरी तोच परिणाम होतो. उलट पेट्रोल अधिक झाले तर प्लगवर काजळी धरते.

ठिणगीची कथा अधिक मनोरंजक आहे. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो; कॉइल त्यापासून हजारो व्होल्टांचा दाब निर्माण करते, आणि तेव्हा कोठे प्लगच्या टोकांमधील सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद फटीतून ठिणगी उडी मारते. सिलिंडरातील वायू जितका अधिक दाबलेला, तितका ठिणगीस अडथळा अधिक. सपाट रस्त्यावर हळू जाताना सिलिंडरात थोडेच मिश्रण येते; घाट चढताना भरपूर येते व दाबही वाढतो. यावरून, सपाटीवर निमूटपणे चालणारी गाडी घाटातच का आचके देते, याचा उलगडा होईल. झिजलेला प्लग किंवा अशक्त कॉइल कमी दाबात कसाबसा निभाव लावते, परंतु ओझे वाढताच हात टेकते. अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर व तारांवर पावसाळी ओल धरली की वीज प्लगपर्यंत न पोहोचता ओलाव्यावरूनच पळून जाते. काळोखात बॉनेट उघडून दुरून पाहिले असता तारेवरून सरपटणाऱ्या निळसर ठिणग्या कधी कधी डोळ्यांस दिसतात.

आता दोषाचा शोध. पहिली पायरी म्हणजे हत्यार हाती न घेता प्रश्न विचारणे. गाडी केव्हा मिसिंग मारते? केवळ जागेवर उभी असताना मारीत असेल, तर हवेची गळती असण्याचा संभव अधिक. ओझ्याखाली मारीत असेल, तर ठिणगीवर संशय घ्यावा. पावसात किंवा गाडी धुतल्यावर मारीत असेल, तर तारा व झाकणे पाहावीत. सदासर्वदा मारीत असेल, तर एखादा इंजेक्टर, प्लग किंवा झडप पुरतीच निकामी झाली असावी.

दुसरी पायरी म्हणजे गुन्हेगार सिलिंडर ओळखणे. जुन्या गाडीत मिस्त्री एकेका प्लगची तार पाळीपाळीने निकामी करून एंजिन ऐकतो. तार काढल्यावर एंजिन आणखी मंदावले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच आळशी ठरला. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. प्रत्येक ठोक्यासरशी भुजादंडाचा वेग किंचित वाढतो. ठोका चुकला की तो किंचित मागे पडतो. भुजादंडाजवळील संवेदक हा सूक्ष्म फरक टिपतो व चालकापुढील दिवा पेटतो. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या नव्या मोटारींत अशी स्वयंतपासणी कायद्याने सक्तीची झाली व पुढे ती भारतातही आली. तपासणीचे यंत्र जोडले असता ‘पी ०३०३’ असा संकेत दिसला, तर तिसऱ्या सिलिंडराचा ठोका चुकतो. ‘पी ०३००’ दिसला, तर दोष एका सिलिंडरापुरता नाही, असे समजावे. मात्र हा संकेत ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. संकेत वाचून लगेच दुकानात धावणारे येथेच फसतात.

तिसरी पायरी अदलाबदलीची. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असते, तीत तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवावी, संकेत पुसावा व गाडी चालवून पाहावी. दोष दुसऱ्या सिलिंडरावर गेला, तर कॉइलच अपराधी. दोष तिसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. आता प्लगची अदलाबदल करावी. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम मोडू नये. दोन वस्तू एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कारण हाती लागत नाही.

प्लग बाहेर आला की तो वाचावा. टोकावरील फिकट तपकिरी रंग प्रकृती चांगली असल्याची खूण होय. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त झाल्याचे सांगते. तेलकट ओल एंजिनातील तेल आत झिरपत असल्याचे सांगते. पांढरे, फोड आलेले टोक अती उष्णता दर्शविते. चिनी मातीस तडा असेल तर आणखी पुरावा नकोच.

ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठीक ठरल्यास दाब मोजावा. ठिणगी व पेट्रोल यांचा पुरवठा बंद करून, प्लगच्या जागी दाबमापक लावून एंजिन स्टार्टरने फिरवितात. एका सिलिंडराचा दाब इतरांहून फारच कमी भरला, तर त्यात चमचाभर एंजिन तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर झडप नीट बसत नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच उतरला असेल, तर त्यांमधील गॅस्केट फाटल्याचा दाट संशय घ्यावा.

कारण सापडले की उपाय बहुधा सोपा असतो. चिरलेली नळी बदलावी, इंजेक्टर साफ करून घ्यावा, प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जातीचा व फटीचा घ्यावा. प्लग एंजिन थंड असतानाच काढावा, आणि नवा बसविताना आरंभीचे आटे हातानेच फिरवावेत. हत्याराने वाकडा बसविला तर ॲल्युमिनियमचे आटे खराब होऊन लहान काम मोठे होते.

‘चालते आहे तोवर चालवू’ हा विचार येथे महाग पडतो. न जळलेले पेट्रोल धुरासोबत नळीतील प्रदूषणरोधक यंत्रात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरात जाऊन तेथे पेटते. त्या उष्णतेने आतील जाळीदार चिनी मातीची वीट वितळू शकते. थोडक्या किमतीच्या प्लगासाठी केलेली हयगय मग फार मोठ्या खर्चाचे कारण होते. म्हणूनच चालकापुढील दिवा उघडझाप करू लागला, तर वेग ताबडतोब कमी करावा व गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

विद्यार्थी मित्रांस आमची एक विनंती आहे. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून करू नये. चालू एंजिनाच्या पट्ट्याजवळ हात किंवा सैल कपडा नेऊ नये, प्लगच्या तारेस स्पर्श करू नये, आणि बंद गॅरेजात एंजिन कधीही चालू ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून प्राणघातक आहे. परंतु मिस्त्रीशेजारी उभे राहून पाहण्यास कोणाचीच हरकत नसावी. विज्ञानाच्या तासाला शिकलेला वायूचा दाब, विजेचा दाब आणि ज्वलन ही तिन्ही प्रकरणे त्या एका बॉनेटखाली एकत्र भेटतात. आणि गॅरेजात गेल्यावर ‘काय बदलायचे?’ असे न विचारता ‘कोणता सिलिंडर, आणि कशावरून?’ असे ज्याला विचारता येईल, त्याच्या घरचा पैसा निश्चित वाचेल.