मत्स्यालयातील दगड : आधी ऊन, मग पाणी

नवे मत्स्यालय सजवताना काचेची टाकी, दिवे, फिल्टर आणि मासे यांची निवड चोखंदळपणे केली जाते. दगड मात्र नदीकाठावरून उचलून, नळाखाली धुऊन थेट पाण्यात ठेवले जातात. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दगडाच्या छिद्रांत शेवाळ, गोगलगायींची अंडी व मृत सेंद्रिय कण दडलेले असू शकतात. ते पाण्यात कुजले की अमोनिया तयार होतो आणि तो माशांच्या जिवावर बेततो. अमोनियाचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू नव्या टाकीत रुजण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच दगडाची तयारी आधी व्हायला हवी.

प्रथम दगडाची परीक्षा करावी. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात आढळणारा काळा कातळ, म्हणजेच बेसॉल्ट, मत्स्यालयासाठी चांगला. परंतु त्याच्या पोकळ्यांत अनेकदा कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असतात. कॅल्साइट, चुनखडी आणि संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळतात व पाण्याचा जडपणा आणि सामू वाढवतात. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना असे पाणी मानवते. डिस्कस किंवा निऑन टेट्रांना नाही. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर त्यात चुन्याचा अंश आहे, असे समजावे.

दगड ताठ केसांच्या ब्रशने, वाहत्या पाण्याखाली घासावा. साबण किंवा धुण्याची पावडर वापरू नये. त्यांचा अंश छिद्रांत राहतो. दगड उकळणेही धोक्याचे आहे. आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. रोगट टाकीतील जुना दगड वापरायचा असल्यास एक भाग ब्लीच व वीस भाग पाणी या द्रावणात पंधरा मिनिटे ठेवावा. नंतर भरपूर धुऊन क्लोरीननाशक घातलेल्या पाण्यात दिवसभर भिजवावा. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

यानंतरची पायरी वाळवण्याची, आणि बहुतेक वेळा नेमकी तीच टाळली जाते. शेवाळ, अंडी व अनेक सूक्ष्मजीव पूर्ण कोरडेपणात तग धरत नाहीत. दगड गच्चीवर विटांवर ठेवावेत, म्हणजे खालूनही हवा खेळते. घट्ट दगडाला कडक उन्हात चार-पाच दिवस पुरतात. सच्छिद्र दगडाला दोन आठवडे द्यावेत. पावसाळ्यात पंख्याखाली याहून अधिक काळ लागतो. दगड रोज स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा. सलग दोन-तीन दिवस वजन तेच भरले, की तो आतूनही वाळला. मग एक दिवस बादलीत भिजवून पाहावा; पाण्याला वास आल्यास पुन्हा धुऊन वाळवावा.

समुद्रकिनाऱ्यावरील प्रवाळ मात्र उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये प्रवाळांना २००१ पासून संरक्षण आहे.

टाकी भरताना मोठे दगड आधी तळाशी पक्के बसवावेत व नंतर वाळू पसरावी. वाळू उकरणारे मासे वाळूवर ठेवलेला दगड कलंडवू शकतात आणि काच तडकू शकते.