थाप मारा, आवाज पारखा

दुभत्या गायीनं वैरण सोडली की गोठ्यात पोचलेल्या पशुवैद्यकाच्या हाताशी बहुधा थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप एवढंच असतं. तिथे बोटांनी ठोकून आवाज पारखण्याची जुनी पद्धत फार मोलाची ठरते. ऑस्ट्रियातले डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी माणसाची छाती तपासण्यासाठी ती १७६१ मध्ये मांडली. फ्रेंच डॉक्टर कॉर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये त्यांच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर केलं, आणि मग ती सर्वदूर रुजली.

तत्त्व सोपं आहे. आत हवा असेल तर आवाज पोकळ येतो. पाणी, पू किंवा घट्ट झालेलं मांस असेल तर बद्द. निरोगी गायीच्या डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) थाप मारली, तर वरच्या बाजूला वायूमुळे थोडा पोकळ आवाज येतो, खाली चारा भरलेला असल्यानं बद्द. पोटफुगीत मात्र तीच भकाळी वर येते आणि ढमढम वाजते.

खरं कसब लागतं ते चौथं पोट सरकलं आहे का, हे ओळखताना. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात जास्त दूध देणाऱ्या गायींमध्ये हे पोट कधी कधी वायूनं फुगून डावीकडे, कोटीपोट (पहिलं, मोठं पोट) आणि बरगड्यांच्या मधे जाऊन बसतं. पशुवैद्यक नवव्या ते तेराव्या बरगडीदरम्यान स्टेथोस्कोप टेकवतात आणि शेजारीच टिचकी मारतात. पोट सरकलं असेल तर टणकन धातूचा नाद येतो. कोटीपोटातल्या वायूनंही असा नाद येऊ शकतो, म्हणून बाकीची लक्षणं ताडून पाहावीच लागतात. हाच नाद उजवीकडे आला तर पोटाला पीळ पडल्याची शक्यता असते; तिथे वेळ दवडणं जिवावर बेततं.

आपल्याकडच्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. तिथेही हीच युक्ती चालते. दोन्ही शिंगांवर आळीपाळीनं ठोकावं. निरोगी शिंग पोकळ वाजतं, आत गाठ भरलेलं बद्द.

पण निरोगी आवाज कानात बसल्याशिवाय बिघडलेला ओळखू येत नाही. म्हणून पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी आजारी जनावरांइतकीच धडधाकट जनावरंही ठोकून पाहावीत. पशुपालकांनीही आपल्या गायीची भकाळी रोज हातानं तपासावी. निदान डॉक्टरांनीच करायचं. पण त्यांना वेळेवर बोलावणं तर आपल्या हातात आहे.