फिरत्या नोटरीचं घड्याळ

आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसलेले वकीलसाहेब डोळ्यांसमोर येतात. गरज आपली, तेव्हा जायचं आपण. अमेरिकेत गृहकर्जाच्या बाबतीत पुष्कळदा उलटं घडतं. नोटरीच कागदांचा गठ्ठा घेऊन कर्जदाराच्या घरी येतो आणि जेवणाच्या टेबलावर सह्या घेतो. तिथल्या बहुतेक राज्यांत नोटरीला वकील असावं लागत नाही. दुपारच्या फावल्या वेळात हे काम करणाऱ्या गृहिणी आहेत, निवृत्त माणसं आहेत. आपल्यापैकी कुणाची मुलं तिकडे घर घेऊन राहिली असतील, तर त्यांच्याकडेही असा कुणी येऊन गेला असेल.

या माणसाला पैसे मिळतात ते भेटीमागे, तासामागे नव्हे. साहजिकच दिवसात जास्तीत जास्त भेटी बसवण्याचा मोह होतो. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी व्याजदर २.६५ टक्क्यांवर उतरला होता. जुनं कर्ज फेडून स्वस्तातलं नवं घ्यायला झुंबड उडाली. कागद नेणाऱ्यांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग एका भेटीला किती वेळ धरायचा?

नवखा माणूस म्हणतो, एक तास. तो सहीचा तास मोजतो. पण गठ्ठा शंभर-दीडशे पानांचा असतो, आणि कर्जदाराची प्रत धरून तो दोनदा छापायचा. त्यात काही पानं साध्या आकाराची, काही लांबीला जास्त. छपाईयंत्रात कागदाचे दोन कप्पे नसतील तर मधेच थांबून कागद बदलत बसावं लागतं. त्यातून ही कागदपत्रं कर्ज देणाऱ्याकडून कधी आदल्या दिवशी येतात, कधी भेटीच्या तासभर आधी. शिवाय परतीचं पाकीट कुरिअरच्या पेटीत त्या दिवशीच्या शेवटच्या उचलीआधी पडायला हवं. म्हणून अनुभवी नोटरी दिवसाची आखणी शेवटाकडून करतो. पेटी सहाला उचलली जाणार, तिथे जायला अर्धा तास, सह्या तपासायला आणि काही पानं स्कॅन करून पाठवायची असली तर आणखी अर्धा तास. म्हणजे पाचला टेबलावरून उठायचं. मग चारची भेट घेणं शहाणपणाचं नाही, तीनची घ्यावी.

वेळ सर्वांत जास्त वाचवतो तो आदल्या दिवशीचा फोन. ओळखपत्राची मुदत संपलेली नाही ना? सही करायची आहे ते सगळे घरी असतील ना? ओळखपत्रावरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच आहे ना? आपल्या माणसांची गाडी इथे हमखास अडते. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालायची आपली रीत. एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. आपण एकच व्यक्ती आहोत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र गठ्ठ्यात बहुधा असतं, पण घोळ टेबलावर बसल्यावर कळला तर अर्धा तास फोनाफोनीत जातो.

आणखी एक प्रश्न विचारावा. कर्जाचा अंतिम तपशील मिळाला का? ऑक्टोबर २०१५ पासूनच्या नियमानुसार तो सहीच्या किमान तीन कामकाजाच्या दिवस आधी कर्जदाराच्या हाती पडला पाहिजे. तो ज्यानं शांतपणे वाचलेला असतो, त्याला टेबलावर फक्त आकडे ताडून पाहायचे असतात. ज्यानं वाचलेला नसतो, तो तिथे वाचायला लागतो, आणि घाईतल्या नोटरीला नेमकं तेच नको असतं. "ही नेहमीचीच पानं आहेत, इथे करा सही," असं म्हणणं माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत वाईट वाक्य. घर त्या माणसाचं गहाण पडतं आहे. वकील नसलेल्या नोटरीला सल्ला देता येत नाही. वाचायला वेळ देणं मात्र त्याच्या हातात असतं. कर्जाबद्दल शंका निघालीच तर कर्ज देणाऱ्याला फोन लावून द्यावा, आणि तो फोन उचलला जाईल अशाच वेळी भेट ठेवावी.

राहत्या घरावरचं कर्ज दुसऱ्या संस्थेकडून नव्यानं घेतलं असेल, तर आणखी एक घड्याळ सुरू होतं. कर्जदाराला साधारणपणे तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कर्ज रद्द करता येतं. घर खरेदीच्या कर्जाला ही सवलत नाही. या मोजणीत शनिवार धरतात. रविवार आणि संघराज्याच्या ठरावीक सुट्ट्या वगळतात. गुरुवारी सही झाली तर शुक्रवार, शनिवार, सोमवार, पैसे मंगळवारी. तीच सही शुक्रवारी ढकलली गेली तर पैसे बुधवारी, आणि मधे सोमवारी सुट्टी आली तर गुरुवारी. भेट एका दिवसानं पुढे गेली की सूचनापत्रावर आधीच छापलेल्या तारखा चुकीच्या ठरतात. त्या आपल्या मनानं खोडायच्या नाहीत, काम देणाऱ्या कंपनीला विचारायचं. हे सूचनापत्र नीट दिलं गेलं नाही, तर रद्द करण्याचा हक्क तीन वर्षांपर्यंत लांबू शकतो. घरावर मालकी हक्क असलेल्या प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती द्यायच्या असतात.

उठण्यापूर्वी पाच मिनिटं काढून गठ्ठा पहिल्या पानापासून पुन्हा उलटावा. एखादं आद्याक्षर राहिलेलं असतं, कुठे तारीख नसते, कुठे शिक्का पुसट उठलेला असतो. हे घरी पोचल्यावर दिसलं तर त्याच रस्त्यानं परत यावं लागतं, आणि त्या फेरीचे पैसे बहुधा कुणी देत नाही.