लाखेच्या तबकड्यांचा माग

निपाणीच्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत गेल्या हिवाळ्यात मला बावीस तबकड्या सापडल्या. त्यांतल्या एकवीसच माझ्याबरोबर कोल्हापुरास आल्या. बाविसावीची हकीकत शेवटी सांगेन.

जुन्या ध्वनिमुद्रिका धुंडाळायच्या तर मुंबईच्या चोर बाजारात जावे, असा सर्वसाधारण समज आहे. मटण स्ट्रीटवर त्या मिळतात, यात शंका नाही. पण तेथे पोचलेली तबकडी कोणत्या घरातून उठली हे दुकानदाराला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी तो सांगत नाही. मला तबकडीइतकेच ते घर हवे असते. म्हणून रविवारी शिकवणी नसली की खांद्याला पिशवी अडकवून मी निपाणीची नाही तर बेळगावची गाडी पकडतो. शहापूर, वडगाव, गणपत गल्ली, शनिवार खूट असे हिंडावे, मोडवाल्यांपाशी चौकशी करावी, कोणाचा जुना वाडा पाडायला काढला आहे याची खबर ठेवावी. चहाचे पैसे पुष्कळ जातात.

हौशी संग्राहकाला हा नुसता छंद वाटेल. गाणे शिकवणाऱ्याचे तसे नाही. आमच्या कोल्हापूर दरबारचे खाँसाहेब अल्लादियाखाँ यांनी तबकडीसाठी गायला कधीच होकार दिला नाही. 1946 साली ते गेले आणि त्यांचा आवाजही त्यांच्याबरोबर गेला. त्यांची गायकी कानांनी ऐकायची तर ती शिष्यांच्या तबकड्यांतून, म्हणजे केसरबाई, मोगूबाई यांच्या, किंवा खाँसाहेबांच्या मुलांपाशी शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सुरांच्या. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडून दाखवायचा म्हणजे पोतडीतले सगळे काढता येत नाही. काय काढायचे याची निवड मात्र दिसते. विद्यार्थ्याला हे दाखवायला मला दुसरे साधन नाही.

शिवाय या भागात तबकडी हाच कित्येकांचा पहिला गुरू होता. बेळगावाजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसाच गाऊन दाखवी. पुढे तो कुमार गंधर्व झाला. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी मिरजेच्या अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गाण्याच्या शोधात घर सोडले, हे ते स्वतःच सांगत. ज्यांना मिरजेस किंवा कोल्हापुरास जाऊन गंडा बांधणे परवडणारे नव्हते, अशांच्या घरांत हे गाणे पेटीत बसून आले.

त्या पेट्यांचे पुढे काय झाले? फोनोचा कर्णा पितळेचा, त्याला मोडीत भाव येतो. चावीच्या यंत्राला लोखंडाचा भाव येतो. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची तबकडी मात्र भंगारवाल्याच्या तागडीत शून्य. पडली की कौलासारखी फुटते. शहापुरातल्या एका घरी मी महिनाभर उशिरा पोचलो. “होत्या की ओ,” घरातले गृहस्थ म्हणाले, “दोन पेट्या होत्या. घर रंगवायला काढलं तेव्हा टाकल्या. आधी सांगायचं नाही होय?” आता मी त्यांना आधी कसे सांगणार होतो? तरीही परतीच्या गाडीत चूक माझीच असल्यासारखे वाटत राहिले.

हाती आलेली तबकडी मी तिरप्या उजेडात धरतो. पन्हळी करड्या पडल्या असतील तर ती झिजली. मग बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. खणखणली तर ठीक. बद्द आवाज आला की कोठे तरी केसाएवढी चीर आहे असे समजावे. यानंतर गतीचे कोडे. 78 फेऱ्यांची म्हणून विकलेली जुनी तबकडी नेमकी त्याच गतीने भरलेली असेल असे नाही. 78च्या जागी 82-83 फेरे झाले की स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि प्रौढ बाई कुमारिकेसारखी गाऊ लागते. येथे तंबोरा उपयोगी पडतो. गाणाऱ्याची नेहमीची पट्टी ठाऊक असली की त्या स्वरात तो जुळवायचा आणि यंत्राची गती त्याला मिळवून घ्यायची.

बेळगाव-निपाणीच्या पेट्यांची एक खूण मला कोल्हापुरातल्या पेट्यांत सहसा दिसत नाही. एकाच पेटीत बालगंधर्वांचे पद आणि त्याच्या पाठीला कानडी वचनांची तबकडी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला; त्यावरून केवढे रण माजले आणि अजून माजते, हे येथल्या वाचकाला सांगायला नको. पेटी लावणाऱ्याने मात्र भाषेप्रमाणे तबकड्या वेगळ्या केलेल्या नसतात. मन्सूर दोन्ही भाषांत गायले. ‘गंधारी हुबळी’ या नावाने तरुण गंगूबाई हनगलांनी मराठी भावगीते गायली, ती पुढच्या धीरगंभीर आवाजात नव्हे, तर पातळ, उंच आवाजात. मी इतकी वर्षे वाट पाहतो आहे ती या आवाजाची.

तबकडी हुडकण्याचा सर्वांत मोठा किस्सा मात्र आपल्याकडचा नाही. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचे संगीत अंतराळात धाडले. त्यासाठी केसरबाईंची भैरवी निवडली गेली, पण तबकडी बाजारातून नाहीशी झालेली. अखेर ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात निघाली. एका टेबलाखाली, खोक्यामागे, न उघडलेल्या तीन प्रती! यान उडाले आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्या भैरवीसाठी न्यूयॉर्कातही कोणाला तरी टेबलाखाली वाकावेच लागले, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

आता निपाणीची वखार. बावीसपैकी एका तबकडीवरचा कागद वाळवीने खाल्ला होता. ‘मिस’ एवढीच अक्षरे शिल्लक. माझा जीव वरखाली झाला. एक बाजू जवळजवळ नवी, तर दुसरी झिजून पांढुरकी. पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरायची असते; काटकसरीच्या घरात ती महिनाभर चाले, तबकडी झिजे. पण एकच बाजू इतकी झिजायची तर काटकसरीपेक्षा वेगळे काही कारण हवे.

मालक म्हणाले, “मास्तर, बाकीच्या न्या. ही तेवढी राहू द्या. आज्जीची आहे ती.”

पुढच्या रविवारी मी माझे विजेवरचे लहान यंत्र घेऊन पुन्हा गेलो. आज्जी नव्वदीच्या, कानांनी बऱ्या. मी साहजिकच चांगली बाजू लावली. आवाज पातळ होता, उंचही होता. पण गंगूबाईंचा नव्हता. आज कोणाला नाव सांगता येणार नाही अशी कोणी बाई, सुरेल, थोडी घाबरलेली. मी हिरमुसलो आणि बहुधा ते तोंडावर दिसले.

“ही नव्हे,” आज्जी म्हणाल्या, “उलटी लावा.”

उलटी लावली. निम्मी खरखर, तिच्यामागे गाणे. आज्जींनी दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरला. अंतऱ्यात सुई अडकली आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. मी गडबडीने हात पुढे केला.

“तिथं ती अडकतेच,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांच्यापासनं. हलकेच ढकला, उचलू नका.” आणि सुई सरकेपर्यंत राहिलेली ओळ त्यांनीच गाऊन पुरी केली, तबकडीच्याच पट्टीत.

मधल्या गुळगुळीत जागेत कोरलेला क्रमांक मी वहीत उतरवून घेतला. एखाद्या जुन्या सूचीत त्या बाईचे नाव मिळेलही. तबकडी निपाणीतच आहे.