पद्मिनीचा अडकलेला श्वास

वाईहून पसरणी घाट चढताना वळणावर तुम्ही दुसरा गिअर टाकता, अ‍ॅक्सिलेटर दाबता आणि जुनी पद्मिनी क्षणभर श्वासच रोखते. एक झटका, एक ढेकर, मग काही झालंच नाही अशा थाटात निघते. मागच्या सीटवरून सल्ला ठरलेला: ‘पेट्रोलमध्ये कचरा आलाय.’ आलाही असेल. पण त्या अर्ध्या क्षणात बॉनेटखाली काय घडतं ते कळलं, तर गाडी एरवी अडखळत कशी नाही याचंच नवल वाटेल.

इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडर चार. मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर चौघे मिळून सेकंदाला शंभर घोट घेतात. प्रत्येक घोटात पेट्रोलच्या जवळपास पंधरापट वजनाची हवा हवी. म्हणजे किती? एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा! गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या. आणि हा हिशेब ठेवतं कोण? चिप नाही, सेन्सर नाही. धातूचा एक ठोकळा आणि त्यातली काही बारीक भोकं, म्हणजेच कार्बोरेटर.

कृष्णा नदी आठवा. पात्र रुंद तिथे संथ, अरुंद झालं की धावते. कार्बोरेटरचा गळाही मध्येच अरुंद केलेला असतो. तिथून हवा पळते, आणि पळताना तिचा दाब घटतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियनाने १७९७ मध्ये पाण्याच्या प्रवाहावर लिहून ठेवलेली ही गंमत. शेजारच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पुरता दाब. म्हणजे पेट्रोल कुणी ओढून घेत नाही. आपल्या डोक्यावरचं आभाळच ते जेट नावाच्या बारीक भोकातून वर ढकलतं! हवा जास्त धावली की पेट्रोलही जास्त येतं. आपोआप.

मग अडतं कुठे? पाय दाबताच गळ्यातली झडप उघडते, हवा धावत सुटते. पेट्रोल हवेपेक्षा सहाशेपट जड. ते जागचं हलेपर्यंत हवा सिलिंडरमध्ये पोचलेली. त्यात भर म्हणजे झडप उघडताच सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतली, म्हणजे मॅनिफोल्डमधली, ओढ कमी होते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि थेंब नळीच्या भिंतींना चिकटून बसतात. वऱ्हाड पानावर आणि भात अजून चुलीवर!

यावर शोधलेली युक्ती मला अख्ख्या गाडीत सगळ्यात आवडते. अ‍ॅक्सिलेटरला जोडलेला एक छोटा पंप. पाय दाबला की त्याचा पातळ पडदा दबतो आणि गळ्यात पेट्रोलची पिचकारी मारतो. जडशीळ पेट्रोल मागून येईपर्यंत तेवढ्यावर निभावतं.

म्हणून तपासणी इथूनच. इंजिन बंद आणि थंड, जवळपास विडीसुद्धा नको. एअर फिल्टर काढा, गळ्यात डोकावा, झडपेचा दांडा हाताने झटकन फिरवा. त्याच क्षणी बारीक धार दिसली पाहिजे. उशिरा आली, नुसती ठिबकली किंवा आलीच नाही, तर चोर सापडला: पडदा फाटलाय नाहीतर तोटी तुंबलीय. धार ठणठणीत असेल तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा शिरते का पाहा, मग ठिणगीचे पॉइंट आणि प्लग. आणि गाडी पाय दाबताना नव्हे, तर सबंध चढावर दम टाकत असेल, तर पंपाला दोष देऊ नका. मुख्य जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा बघा.

पद्मिनी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही त्यांचंच नाव. पण सांगली-साताऱ्याचं या गाडीशी आता आणखी एक नातं जुळलंय, तेही थेट कार्बोरेटरमध्ये! इथल्या उसापासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आता वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉलच्या वजनातला तिसरा हिस्सा मुळात ऑक्सिजनच. भोकं मात्र निव्वळ पेट्रोलचा हिशेब धरून पाडलेली. त्यांना हा बदल कळणार कसा? मिश्रण पातळ पडतं, अडखळणं वाढतं. जुनं रबरही इथेनॉलने फुगतं, चिरतं.

तेव्हा पंपाचा नवा पडदा घ्याल, तर इथेनॉलला टिकणाराच मागून घ्या.