रुग्णालयाचे पान की डॉक्टरांचे?

नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय जुन्नर-आंबेगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण विकिपीडियावर त्याचे स्वतंत्र पान असावे का, असे विचारले की उत्तर अवघड होते. संस्थेने किती जणांना दृष्टी दिली, हा तिथला पहिला प्रश्नच नसतो. संस्थेशी देणेघेणे नसलेल्या कोणी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे का, हा असतो.

आपल्या जुन्या कोशांत हा निवाडा संपादक करत. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. कोणाला किती ओळी द्यायच्या, हे जाणकार ठरवत आणि कागदही मोजका असे. विकिपीडियाला कागदाची अडचण नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि तिथे कोणीही लिहू शकतो. लिहिणारा अनोळखी, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत नाही. किंमत आहे ती त्याने दाखवलेल्या पुराव्याला. ‘उल्लेखनीयता’ हा तिथला शब्द थोडा फसवाच आहे. त्याचा थोरवीशी फारसा संबंध नाही.

हा पुरावा आरोग्यसेवी संस्थांकडे विचित्र प्रकारे विखुरलेला असतो. संस्थेची स्मरणिका, संकेतस्थळ, देणगीदार ट्रस्टचा अहवाल, दारावरची संगमरवरी पाटी हे सगळे घरचेच. उरतात वर्तमानपत्रे. पण शिबिराची बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे : इतक्यांची तपासणी, अमुकांच्या हस्ते दीपप्रज्वलन, आणि मग व्यासपीठावरच्यांची नावे. मजकूर बहुधा आयोजकांनीच पाठवलेला. अशी शंभर कात्रणे जमवली तरी एका चांगल्या लेखाची बरोबरी होत नाही.

इंग्रजी विकिपीडियाची संस्थांसाठीची अट आणखी कडक आहे. केवळ गावपातळीवरची प्रसिद्धी पुरत नाही. निदान एक स्रोत प्रादेशिक किंवा त्याहून मोठ्या आवाक्याचा हवा. मग राज्यभर खपणाऱ्या दैनिकाचे तालुक्यापुरते पान कशात धरायचे? माझ्या मते पानाचा आवाका पाहण्यापेक्षा मजकूर पाहावा. बातमीदार स्वतः डोंगरातल्या वाडीवर गेला, रुग्णांशी बोलला, खर्चाचा हिशेब विचारला, तर ते पान मंचर-घोडेगावपुरते असले तरी वजनदार आहे.

या रुग्णालयाचे संस्थापक डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. (नेत्रसेवेला हे आडनाव लाभावे, हा योगायोग.) एवढ्या मोठ्या सन्मानानंतर व्यक्तीच्या पानाबद्दल वाद घालायला फारशी जागा उरत नाही. रुग्णालयाला मात्र तो आपोआप लागू होत नाही. उल्लेखनीयता वारसाहक्काने मिळत नाही, असा नियमच आहे. २५ जानेवारी २०२४ च्या सकाळी जे काम होते, तेच संध्याकाळी यादी जाहीर झाल्यावर होते. बदलला तो पुरावा. अमेरिका-युरोपातही हेच घडते : भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये नाकारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळाले.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ची गोष्ट वेगळी. अभय आणि राणी बंग यांच्या नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेवरील प्रयोगाचा लेख १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तो त्यांचाच, म्हणून एकटा पुरेसा नाही. पण नंतर जगभरच्या अभ्यासकांनी त्या प्रयोगावर लिहिले. संशोधन मागे कागद ठेवते. मोतीबिंदू काढलेली आजी पट्टी सुटली की घरी जाते आणि तांदूळ निवडायला बसते.

म्हणून नियम सैल करावा का? मला वाटत नाही. आरोग्यसंस्थेचे पान देणगीदार प्रशस्तिपत्रासारखे वाचतो, आणि रुग्णाचा मुलगाही. संस्थेने स्वतःविषयी सांगितलेलेच तिथे उतरले, तर चांगली आणि भोंदू संस्था सारखीच दिसेल. पान वगळण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते आणि तीत मते मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात; तसा तोलला तर माझा कौल असा : रुग्णालयावर दोन-तीन सविस्तर, त्रयस्थ लेख हाती आले तर स्वतंत्र पान. तोवर डॉ. डोळे यांच्या पानात रुग्णालयाचा भरघोस विभाग, आणि रुग्णालयाचे नाव शोधणाऱ्याला तिथे नेणारे पुनर्निर्देशन.

तोंडी साक्ष चालेल का? अचल प्रभला यांनी २०११ मध्ये मल्याळम, हिंदी आणि सेपेडी भाषांत बोलक्या माणसांच्या ध्वनिमुद्रणांनाच तळटीप करून पाहिले. आदिवासी वाड्यांसाठी ते सोयीचे होते. पण विकिपीडियाने तो नियम म्हणून स्वीकारला नाही. छापील मजकूर मात्र चालतो, मराठी चालतो, आणि तो आंतरजालावर असलाच पाहिजे अशी अट नाही. तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवाळी अंकात कोणा त्रयस्थाने नारायणगावावर चार पाने लिहिली असतील, तर अंकाचे नाव, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक देऊन ती आजही तळटीपेत घालता येतात.